चौदावी वस्तू

१

खड्ड्याच्या काठावर चौदा वस्तू होत्या. हर्षिताने त्या दोनदा मोजल्या, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. दोन्ही मोजण्या जुळल्याशिवाय लिहायचं नाही, ही तिची एमेस्सीच्या दिवसांपासूनची सवय होती. लोखंडी तिपाई एक, तिच्यावर बसवलेली हातचरखी एक. दोर एक. कात्रीने कापलेला कमरपट्टा एक. शिडी एक. आत हवा सोडणारा पंखा एक, त्याचा पिवळा पाइप एक. बादल्या दोन, फावडं एक, हेल्मेटं दोन, बॅटरी एक. इथवर तेरा. चौदावी वस्तू पोलिसांनी प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली होती. मुठीत मावेल एवढा, खिशाला अडकवायचा वायुमापक. कारखान्यात सगळे त्याला नुसतं मीटर म्हणत.

कारखाना कन्नड मुलखातल्या आनेकलच्या बाहेर, जीन्स धुण्या-रंगवण्याचा. रंगाचं गंधकी पाणी या खड्ड्यात साठायचं आणि वर्षातून एकदा खालचा गाळ माणूस उतरवून काढावा लागायचा. नवमीला अवजारांची आयुधपूजा झाली, दुसऱ्या दिवशी विजयादशमीची सुट्टी. यंत्रं बंद असतात म्हणून तोच दिवस गाळ काढायला धरला होता. रघुजी नावाचा कामगार शिडीने खाली उतरला, त्याने फावड्याने गाळ ढवळला आणि तो उभ्याचा आडवा झाला. आता तो इस्पितळात होता, श्वास यंत्र घेत होतं.

तिपाईला बांधलेली झेंडूची माळ सुकून काळी पडली होती. पंख्याच्या जाळीवर हळदकुंकवाची बोटं तशीच होती. बादल्यांच्या कडांना गंध लागलेलं होतं.

"सुरू करू या?" कावेरी मॅडमनी विचारलं. त्या सरकारी कारखाने निरीक्षक. हर्षिता बनशंकरीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मीटर तपासायचं काम करत होती आणि मॅडमनी तिला याच कामासाठी आणलं होतं.

हर्षिताने पिशवी उघडली. मीटरच्या तोंडाशी रबरी टोपी बसवली, बरोबर आणलेल्या डब्याची नळी जोडली. डब्यात हायड्रोजन सल्फाइड होता, दहा लाख भाग हवेत पंचवीस भाग. दहा भागांना मीटरने ओरडायला हवं. शंभराच्या पुढे नाक थकतं, सडक्या अंड्याचा वास येईनासा होतो आणि वायू गेला असं वाटतं. त्याच्याही पुढे माणूस दोन-चार श्वासांत पडतो.

तिने चावी फिरवली. मीटर थरथरला, लाल दिवे लागले आणि असा काही किंचाळला की कुंपणावरचे कावळे उडाले.

"चोवीस," हर्षिता म्हणाली. "मीटर ठीक आहे."

"झालं!" कारखान्याचे मालक रणजीत यांनी हात झटकले. "मीटर ठीक, मग चुकला कोण? खड्ड्यात मीटर सोडलाच नाही यानं."

सगळ्यांचे डोळे संग्रामकडे वळले. तो त्या दिवशीचा सुपरवायझर होता. चाळिशीचा, खांदे पडलेला.

"सोडला होता," तो खाली बघत म्हणाला. "शून्य दाखवत होता."

"शून्य? आत्ता कानठळ्या बसवल्या की त्यानं!"

कावेरी मॅडम हर्षिताला म्हणाल्या, "उद्या संध्याकाळपर्यंत तुझा अहवाल दे. पोलिस त्याच्यासाठीच थांबलेत. तो मिळाला की ते याला नेतील."

हर्षिताने डबा बंद केला. तिच्या एका आकड्याने एक माणूस आत जाणार होता. आकडा बरोबर होता. ती वळली तेव्हा संग्राम शेजारून जाताना मराठीत हळूच म्हणाला, "अक्का, जे दिसलं तेच लिवा. माझ्यापायी खोटं नको. सरी? बरं का?"

निर्दोष माणूस असं म्हणतो का? आणि दोषी तरी म्हणतो का?

२

संग्राम तिला दुपारी इस्पितळात भेटला. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर तो रोज बसायचा. शेजारी रघुजीची बायको मालनबाई. ती त्याच कारखान्यात झाडलोट करायची. तिच्या पुढ्यात इडलीचा डबा न उघडलेला होता.

"बसा अक्का," मालनबाई सरकली. "आमच्या घरवाल्याला यांनीच वर ओढलं. हे नसते तर…" तिने पदराने तोंड पुसलं. "आणि लोक यांनाच बोलतात. माझा सख्खा दीर म्हणतो, बांगड्या फोडायला लावल्या असत्या या माणसानं."

"आधी खाऊन घ्या हो मालनक्का," संग्राम म्हणाला. "तुम्ही आडव्या झाला तर रघू उठून मलाच मारंल."

ती जरा हसली आणि डबा घेऊन खिडकीशी गेली.

हर्षिताने आवाज खाली आणला. "संग्रामअण्णा, मला क्रमाने सांगा."

त्याने सांगितलं. पंखा लावला. मीटर सुतळीला बांधून वरपासून तळापर्यंत सोडला, प्रत्येक टप्प्यावर थांबला. वर काढला. शून्य.

"वास?"

"आधी होता, मग गेला. मला वाटलं पंख्यानं नेला. मीटर पण शून्यच. मग रघू उतरला, पट्टा बांधून. पडल्याबरोबर मी चरखी फिरवली. खाली उडी घ्यायला दोघं जण धावले होते, त्यांना मी लाथ घातली."

"लाथ?"

"मग काय करू? उतरला असता तो पण गेला असता. तीन मढी निघाली असती."

हर्षिता त्याच्याकडे बघत राहिली. पट्टा बांधणारा, चरखी बसवणारा, उडी घेणाऱ्याला लाथ घालून थांबवणारा माणूस हवा तपासायची तेवढी विसरेल? प्रयोगातला एकच बिंदू रेषेबाहेर पडला तर बिंदू पुसायचा नसतो, पुन्हा मोजायचा असतो.

"मीटर सोडायच्या आधी तुम्ही त्याच्याकडे नीट पाहिलं होतं?"

संग्रामची नजर खिडकीकडे गेली. मालनबाई इडलीचा तुकडा हातात धरून बाहेर बघत होती.

"पाहिलं की."

"काय दिसलं?"

"काय दिसणार? मीटर." त्याचे कान लाल झाले होते. "अक्का, रणजीत सरांनी एक कागद आणलाय. हवा तपासली नाही, माझी चूक, असं लिहिलंय. उद्या सही करतो मी. तुम्हाला पण डोक्याला ताप नको."

"तुम्ही तपासली होती ना?"

"होय."

"मग सही कशाला?"

"काही गोष्टी," तो उठत म्हणाला, "उघड्या न पडलेल्या बऱ्या."

३

रणजीत यांच्या केबिनमध्ये फिल्टर कॉफी आली. ते बोलायला मोकळे होते, फार मोकळे.

"चारशे वर्षं झाली आमच्या लोकांना या मुलखात येऊन. तुम्ही पण आपल्यातल्याच दिसता. कुठल्या? बनशंकरी? वा! मग आपल्या माणसाला समजून घ्या. कारखाना चार दिवस बंद आहे. दोनशे बायका घरी बसल्यात. एका माणसाची चूक, त्याचा दंड सगळ्यांना?"

"मीटर कुठे असतो?"

"जयतीर्थांच्या कपाटात. किल्ली त्यांच्याकडे, एक माझ्याकडे."

"तपासायचा वायूचा डबा?"

"तो काही दिसला नाही बुवा मला." त्यांनी कॉफी ढवळली. "महाग प्रकरण. आणि ठेवल्या ठेवल्या बाद होतो म्हणे. मीटर वर्षातून एकदा तुमच्याकडे पाठवतो की आम्ही!"

वर्षातून एकदा. हर्षिताने मीटरवरचा क्रमांक आपल्या प्रयोगशाळेच्या क्रमांकाशी ताडून पाहिला होता. मीटर बदललेला नव्हता, तोच होता. तो मार्ग बंद.

सुरक्षा अधिकारी जयतीर्थ शेजारच्या खोलीत बसत. पन्नाशीचे, कपाळावर गोपीचंदनाची उभी रेघ, खिशात पांढरा रुमाल. म्हणजे कधीकाळी पांढरा, आता निळसर. इथे सगळंच निळसर होतं. जीन्सची बारीक लव हवेत तरंगत असायची आणि भिंतीवर, पंख्याच्या पात्यांवर, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बसायची.

"विचारा," ते कन्नडमध्ये म्हणाले. बोटं टेबलाच्या कडेवर टकटक करत होती.

"घटनेनंतर मीटर कोणाकडे होता?"

"माझ्याकडे. मी उचलून कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांना दिला."

"मधे कोणी हात लावला?"

"किल्ली माझ्याकडे होती," ते म्हणाले, आणि मग घाईने, "सरांकडेही असते."

"संग्राम खोटं बोलतो असं तुम्हाला वाटतं?"

टकटक थांबली. "वाटण्याने काय होतं? तुम्हीच मोजलंत. चोवीस."

बोलता बोलता त्यांच्या टेबलावरच्या तसबिरीला वाहिलेली झेंडूची एक पाकळी खाली पडली. जयतीर्थ वाकले. पाकळी उचलून त्यांनी डोळ्यांना लावली. पायाशीच कचऱ्याची टोपली होती, तरी ते उठले, खिडकीपाशी गेले आणि ती बाहेरच्या तुळशीच्या कुंडीत हलकेच ठेवून आले.

"तुमच्या घरी कोण कोण?" हर्षिताने उगाच विचारलं.

"मुलगी. नर्सिंगला आहे. शेवटचं वर्ष." त्यांनी रुमाल मुठीत घेतला. "मॅडम, संग्रामला… किती शिक्षा होईल?"

हा प्रश्न मालकांनी विचारला नव्हता.

बाहेर बस थांब्यावर उभी असताना हर्षिताने आपली बाही पाहिली. सकाळी धुतलेला पांढरा कुडता, आणि मनगटापाशी निळी झाक आली होती, अवघ्या काही तासांत. ती झाक बघून तिला काहीतरी आठवू पाहत होतं. पांढरं काहीतरी. आज तिथे तिने काहीतरी अगदी पांढरं पाहिलं होतं, पण काय ते हाती लागेना.

४

संध्याकाळी घरी आल्यावर तिने अहवालाला हात घातला. "मीटर सुस्थितीत आढळला," एवढं लिहून बोटं थांबली. मोबाइलवर रघुजीची बातमी विचारून झाली होती. फरक नाही.

तेवढ्यात कावेरी मॅडमचा व्हिडिओ कॉल लॅपटॉपवर आला.

"हर्षिता, कुठे आहेस तू? मला नुसतं लाल दिसतंय."

"लाल?"

"लाल, पिवळं. आगबिग लागली नाही ना?"

हर्षिताने पडद्याच्या वरच्या कडेकडे पाहिलं. कॅमेऱ्याच्या इवल्याशा भिंगावर गंधाचा टिळा आणि वर कुंकू, वाळून घट्ट बसलेलं.

"आई! माझ्या लॅपटॉपच्या डोळ्यावर टिळा कोणी लावला?"

"आयुधपूजेला मीच लावला," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुझ्या पोटापाण्याचं आयुध ना ते? स्कूटरला लावला, मिक्सरला लावला, त्याला नको? कपाळ कुठलं ते कळेना, वर मधोमध एक ठिपका दिसला, तिथं लावला."

हर्षिता हसायला गेली आणि हसू अर्ध्यावर थांबलं.

"मॅडम, पाच मिनिटांत फोन करते."

तिने खड्ड्याच्या काठाचे फोटो काढले होते. ते एकेक मोठे करून पाहिले. तिपाईवर कुंकू. चरखीच्या दांड्याला कुंकू. दोराच्या गाठीला, पट्ट्याच्या बकलाला, शिडीच्या वरच्या पायरीला. पंख्याला, पाइपच्या तोंडाला, दोन्ही बादल्यांना, फावड्याला, हेल्मेटांना, बॅटरीला. तेरा वस्तू, तेरांवर टिळा. पूजा करणाऱ्या हाताने बादलीसुद्धा सोडली नव्हती. मग ज्याच्या भरवशावर माणूस खाली उतरतो, तो मीटर सोडला असता?

चौदाव्या वस्तूवर काहीच नव्हतं. ती पुसलेली होती.

आणि मग ते पांढरं सापडलं. मीटरच्या तोंडाशी नाण्याएवढी एक चकती असते, धूळ अडवून वायू आत सोडणारी. सकाळच्या फोटोत ती दुधासारखी शुभ्र होती. ज्या कारखान्यात कुडत्याची बाही काही तासांत निळी होते, तिथे वापरातल्या मीटरची चकती पांढरी कशी राहील? ती नवी होती. हर्षिताने जो मीटर तपासला, तो अपघाताच्या वेळचा मीटर नव्हताच. देह तोच, नाक नवं.

तिने मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"समजा जुन्या चकतीवर गंध वाळलं होतं," ती म्हणाली. "वायू आत जाणार नाही. मीटर चालू असणार, दिवा हिरवा असणार, आकडा शून्य असणार. नाक दाबलेल्या माणसाला वास विचारल्यासारखं. उतरायच्या आधी अर्धा मिनिट डब्यातला वायू दाखवला असता तर लगेच कळलं असतं. त्यांच्याकडे डबाच नाही."

"समजा," मॅडम म्हणाल्या. "हर्षिता, हा तर्क झाला. जुनी चकती कुठाय? त्यांचा वकील म्हणेल, चकती महिन्याभरापूर्वी बदलली आणि जपून ठेवली. मला वस्तू हवी."

वस्तू. ज्याने ती बदलली, तो ती ठेवून कशाला घेईल? कारखान्याचा कचरा रोज जातो. हर्षिताने डोळे मिटले आणि दिवसभर भेटलेल्या एकेका माणसाचे हात आठवत गेली. कॉफी ढवळणारा हात. इडलीचा तुकडा धरून थांबलेला हात. आणि टोपली पायाशी असताना पाकळी घेऊन खिडकीपर्यंत गेलेला हात.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमच्याकडे पूजेनंतरची फुलं कुठे टाकता?"

"टाकत नाही ग. निर्माल्य वेगळं ठेवतो. पाण्यात सोडतो किंवा झाडाखाली." मग त्यांचा आवाज चढला. "अय्यो."

"सकाळी लवकर निघू या. ते अजून तिथे असलं तर."

५

निर्माल्य तिथे होतं, पण टेंपोत चढलं होतं. हर्षिता कारखान्याच्या फाटकाशी उतरली तेव्हा फुलांचं पोतं मागच्या फळीवर ठेवलेलं, ड्रायव्हर चहाचा शेवटचा घोट घेत होता.

"कुठे नेताय अण्णा?"

"तळ्याला. रोज मालनक्का बघते हे, ती इस्पितळात. सर म्हणाले, कुजायला लागलं, घेऊन जा."

"स्वल्प थांबा."

"थांबून कसं चालेल? मला पुढं देवनहळ्ळीची ट्रिप आहे, अक्का. विमानतळाची ट्राफिक तुम्ही काढणार का?"

कावेरी मॅडम अजून वाटेत होत्या. एकटीने पोतं उघडलं तर उद्या कोणीही म्हणेल, हिनेच घातलं. हर्षिता टेंपोच्या समोर जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. ती हलली नाही.

हॉर्न ऐकून रणजीत बाहेर आले. "काय चाललंय? देवाची फुलं अडवताय? जाऊ द्या त्याला!"

"निरीक्षक मॅडम येईपर्यंत पोतं हलणार नाही, सर."

"कशाच्या अधिकारानं? मीटर तपासायला आलात ना? तपासला. घरी जा."

तिच्याकडे अधिकार नव्हता, हे खरंच होतं. ड्रायव्हरने गिअर टाकला. टेंपो हातभर पुढे सरकला.

"थांबव रे," मागून आवाज आला. जयतीर्थ फाटकात उभे होते. निळसर रुमाल मुठीत चुरगळलेला. "इंजिन बंद कर. मी सांगतो म्हणून."

कावेरी मॅडम आल्या. जमिनीवर प्लास्टिक अंथरलं, मॅडमच्या सहायकाने चित्रण सुरू केलं. हर्षिताने हातमोजे घालून एकेक मूठ बाहेर काढली. झेंडू, शेवंती, केळीची पानं, सुकलेली विड्याची पानं, नारळाच्या शेंड्या. पोतं अर्धं रिकामं झालं तरी काही नाही. रणजीत घड्याळ बघत होते.

तळाजवळ एक विड्याचं पान नीट दुमडून काडीने टाचलेलं होतं. बाकीची पानं सुटी होती. हर्षिताने काडी काढली. आत नाण्याएवढी एक चकती. कडेला जीन्सची निळी लव आणि वर, मधोमध, वाळलेल्या गंधाचा जाड थर. त्यावर कुंकू.

"कचऱ्यात टाकवेना," जयतीर्थ म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. "देवाचं कुंकू होतं त्यावर."

"तुम्हीच बदललीत?" मॅडमनी विचारलं.

"त्या संध्याकाळी मीटर उचलला तेव्हा पाहिलं. पूजेला मीच कपाटातून काढून दिला होता. नंतर तपासायला हवा होता, तेही माझंच काम. नवी चकती घातली, ओल्या फडक्याने पुसला. संग्रामवर जाईल असं तेव्हा मनात नव्हतं. आधी फक्त भीती होती. मग पोलिस आले, आणि मग… बोलायची वेळ निघून गेली."

"डबा का नव्हता?"

जयतीर्थांनी मालकांकडे पाहिलं. मग बहुधा पहिल्यांदाच नजर खाली न घालता म्हणाले, "मागितला होता. पहिल्यांदा सर हसले. दुसऱ्यांदा म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. तिसऱ्यांदा म्हणाले, जयतीर्थ, तुमच्या जागेवर यायला रांग लागलीय. मॅडम, मला नेमायला कायदा सांगतो. मला ठेवा असं कोण सांगतं? ज्याच्या चुका दाखवायच्या, त्याच्याच हातात माझा पगार."

"हे सगळं आता माझ्यावर?" रणजीत ओरडले. "लावला कोणी टिळा? ते विचारा ना! त्या झाडूवालीनं…"

"सर," हर्षिता म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. "पुढचं बोलू नका."

आणि तिला कळलं, संग्राम कशासाठी सही करायला निघाला होता.

६

इस्पितळाच्या बाकावर तो कागद संग्रामच्या मांडीवर होता, पेन हातात. मालनबाई आत होती, रघुजीजवळ. भेटीची वेळ होती.

"चकती सापडली," हर्षिता म्हणाली. "सही करू नका."

संग्रामने पेन मिटलं, पण चेहरा उजळला नाही. "तिला सांगू नका, अक्का. पाया पडतो. त्या दिवशी मीटर हातात घेऊन म्हणाली, हा माझ्या कुंकवाला राखतो, याला दुसऱ्यांपेक्षा जास्त. दोन बोटं गंध लावलं. मी बघत होतो. दुसऱ्या दिवशी तेच बघून मी मीटरला हात जोडले आणि खाली सोडला. चोवीस आलं तेव्हा मला वाटलं, सुटली बिचारी, गंधाचं काही नव्हतं. मग इथं बसून विचार केला. पुसलंय कुणीतरी, हे कळलं. पण बोलू कसं? तिनं आपल्या हातानं…"

"तुम्ही तुरुंगात गेला असता."

"मी बाहेर येतो कधीतरी. ती यातनं येणार नाही."

अहवालात गंधाचा उल्लेख टाळता येणार नव्हता. टाळला तर उरेल फक्त चोवीस, आणि चोवीस म्हणजे संग्राम दोषी.

दार उघडलं. मालनबाई बाहेर आली. तिने दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

"मघाशी वॉचमनचा फोन आला," ती म्हणाली. "म्हणाला, माझं निर्माल्य उपसून काढलं. पानात मीटरची चकती निघाली." ती बाकावर बसली नाही. "त्याला गंध मी लावलं होतं, अक्का. त्यानं झालं का?"

संग्रामने डोळे मिटून घेतले.

"गंधाने वाट बंद झाली, मालनक्का," हर्षिता म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या जिभेला वळण नव्हतं. तिने बाईचे हात हातात घेतले. "पण तशी वाट धुळीने बंद होते, घामाने होते, या निळ्या लवेने होते. म्हणून तर माणूस उतरायच्या आधी दर वेळी मीटरला वायू हुंगायला द्यायचा असतो. त्या वायूचा डबा विकत घ्यायचा होता. मागूनसुद्धा मालकांनी घेतला नाही. तुम्ही पूजा केलीत. तपासणी करायचं काम तुमचं नव्हतं."

मालनबाई संग्रामकडे वळली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होय."

"आणि तुम्ही सही करणार होता? शहाणे आहात की काय!" तिचा आवाज फुटला. "उद्या हा उठला आणि म्हणाला, संग्राम कुठाय, तर मी काय सांगू? फाडा तो कागद. आधी फाडा!"

त्याने फाडला. तिने तुकडे त्याच्या हातातून घेतले आणि बाकाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग पदर तोंडाला लावून भिंतीकडे तोंड केलं आणि रडली. संग्राम शेजारी उभा राहिला. हर्षिता मागे सरकली.

तिला चार वाजेपर्यंत बनशंकरीला पोचायचं होतं. कावेरी मॅडम आणि ठाण्याचे फौजदार प्रयोगशाळेत आधीच येऊन बसले होते. मॅडम फौजदारांना सांगत होत्या, की वर पाठवायच्या शिफारशीत त्या दोन गोष्टी घालणार आहेत: उतरायच्या आधी दर वेळी वायू दाखवून मीटरची चाचणी, आणि सुरक्षा अधिकाऱ्याला काढायचं तर आधी निरीक्षकाची परवानगी. "घालीन," त्या म्हणाल्या. "मान्य होईल की नाही ते मला विचारू नका. पण आधी मला आकडा हवा. आकड्याशिवाय माझं कोणी ऐकत नाही."

फौजदारांनी टोपी मांडीवर ठेवली. "आणि मला पण. संध्याकाळी संग्रामला आणायचं की नाही, ते साहेबांना कळवायचंय."

हर्षिताने हातमोजे चढवले. तोच मीटर. तोच डबा, पंचवीस भागांचा. पहिल्यांदा नवी, पांढरी चकती. चिमट्याने ती काढली, जुनी बसवली. टोपी पुन्हा नीट दाबली. चावी फिरवली. खोलीत कोणी हललं नाही. मीटरचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता.

वेळ भरल्यावर तिने चावी बंद केली आणि दोन्ही आकडे लिहून कागद टेबलावर सरकवला.

नवी चकती: अर्ध्या मिनिटात चोवीस.

जुनी चकती: पाच मिनिटांनंतर शून्य.